सोमल आणि रक्ताचा कर्करोग

एखाद्याच्या सगळ्या श्रमांवर पाणी पडलें म्हणजे मराठींत त्यांवर 'हरताळ फासला' असें म्हणतात. हा हरताळ म्हणजे बाजार बंद ठेवण्याचा हरताळ नव्हे. तो शब्द निराळा. पोथ्या हातानें लिहिल्या जात असत त्या काळीं लेखकाच्या हातून एखादें अक्षर चुकलें, तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन तें बुजवीत आणि त्या लेपावर बरोबर अक्षर पुन्हां काढीत. कसर व वाळवी पोथीपासून दूर राहावी हाहि त्यांत एक फायदा असे, कारण हरताळ हें विष आहे. गंधक आणि आर्सेनिक ह्या दोन मूलद्रव्यांचा तो संयोग होय. त्याचीच तांबडी बहीण मनशीळ. ह्या खनिजांना हवेंत भाजलें असतां जो पांढरा, पिठासारखा पदार्थ हातीं येतो तो सोमल. रसायनशास्त्राच्या भाषेंत आर्सेनिक ट्रायऑक्साइड. माणसाचा प्राण घेण्यास ह्या सोमलाचे शेंदोनशें मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीभर पूड, पुरेशी होते. आणि हाच सोमल रोज दहा मिलिग्रॅमच्या बेतानें शिरेंतून देऊन रक्ताच्या कर्करोगाचा एक अत्यंत घातक प्रकार आज बरा केला जातो. विषाची ही औषधी कारकीर्द मोठी वळणावळणाची आहे.

इतिहासांत सोमल वैद्यापेक्षां मारेकऱ्याच्या हातीं अधिक वेळां दिसतो. त्यास रुचि नाहीं, वास नाहीं, आणि त्यानें होणारीं वांति व जुलाब पटकीसारखीं दिसतात. तेव्हां संशय यावयाचा तो फार उशिरां. १८३६ सालीं जेम्स मार्श ह्या इंग्रज रसायनज्ञानें प्रेतांतील आर्सेनिक ओळखण्याची खात्रीची कसोटी शोधून काढली, तेव्हांपासून विषप्रयोग करणाऱ्यांचा हा लाडका मार्ग हळूहळू बंद पडत गेला. तथापि वैद्यांनींहि सोमलास कधीं सोडलें नव्हतें. आपल्याकडील रसशास्त्रांत हरताळ आणि मनशीळ यांची गणना उपरसांत केलेली आहे, आणि 'रसरत्नसमुच्चया'सारख्या ग्रंथांत गौरीपाषाण ह्या नांवानें सोमलहि येतो. ग्रीक वैद्य व्रणांवर ह्या खनिजांचे लेप देत. सोळाव्या शतकांतील पॅरासेल्सस ह्या विक्षिप्त पण तल्लख वैद्यानें तर मात्रा हीच विष आणि औषध यांमधील सीमा होय असें ठासून सांगितलें. सोमलाच्या बाबतींत हें जितकें खरें ठरलें तितकें क्वचितच दुसऱ्या कोणत्या पदार्थाच्या बाबतींत ठरलें असेल.

आधुनिक काळांत सोमलास प्रतिष्ठा मिळवून दिली ती इंग्लंडांतील स्टॅफर्ड येथील टॉमस फाउलर नांवाच्या डॉक्टरानें. त्या वेळीं हिंवतापावर 'बेचव थेंब' ह्या नांवाचें एक गुप्त पेटंट औषध खपत असे. त्यानें ताप हटतो हें पाहून स्टॅफर्डच्या रुग्णालयांतील औषधकारानें त्याची तपासणी केली आणि आंत सोमल असल्याचें ओळखलें. फाउलरनें मग पोटॅशच्या क्षारांत सोमल विरघळवून शेंकडा एक ह्या प्रमाणाचा द्रव तयार केला. पाणी समजून कोणी तो पिऊं नये म्हणून त्यांत लव्हेंडरचा अर्क घालून त्यास रंग व वास दिला, आणि १७८६ सालीं आपले अनुभव ग्रंथरूपानें छापले. १८०९ मध्यें हा द्रव लंडनच्या अधिकृत औषधकोशांत दाखल झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें 'फाउलरचा द्रव' हिंवतापापासून त्वचारोगापर्यंत वाटेल त्या दुखण्यावर दिला जाई. कोयनेल ज्यांस परवडत नसे अशांना तर त्याचाच आधार असे.

रक्ताच्या कर्करोगाशीं सोमलाची गांठ पडली ती येथेंच. रक्तांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून रोगी मरतो ही गोष्ट १८४५ मध्यें एडिंबरोस जॉन ह्यूज बेनेट यानें आणि बर्लिनमध्यें रुडॉल्फ फिर्शो यानें, एकमेकांच्या मागेंपुढें, वर्णन केली; फिर्शोनें १८४७ सालीं तिला ल्यूकेमिया, म्हणजे 'पांढरें रक्त', असें नांव दिलें. नांव मिळालें, उपाय मात्र कोणताच नव्हता. १८६५ सालीं लिसाउअर नांवाच्या एका जर्मन डॉक्टरानें मरणाच्या दारीं पोंचलेल्या एका स्त्रीस फाउलरचा द्रव दिला आणि ती कांहीं काळ उठून बसली. १८७८ सालीं बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलांतील दोघां डॉक्टरांनीं ह्या द्रवानें पांढऱ्या पेशींची संख्या खरोखरच उतरते हें मोजून दाखविलें. १८८२ च्या मार्चमध्यें 'लॅन्सेट' ह्या वैद्यक साप्ताहिकांत अशाच एका रोग्याची हकीकत एका अगदीं तरुण डॉक्टरानें प्रसिद्ध केली. त्यानेंहि आर्सेनिकच दिलें होतें. ह्या डॉक्टराचें नांव आर्थर कॉनन डॉयल. पुढें शेरलॉक होम्सच्या कथांनीं त्याची जी कीर्ति झाली तींत ही टिपणी पार बुडून गेली; परंतु विषें आणि त्यांचे परिणाम यांविषयींचें त्याचें ज्ञान केवळ पुस्तकी नव्हतें, एवढें त्यावरून दिसतें.

हा उपाय रोग मुळांतून काढीत नसे. जुनाट प्रकारच्या ल्यूकेमियांत कांहीं महिने उसंत मिळे, मग रोग पुन्हां डोकें वर काढी. शिवाय दीर्घकाळ सोमल पोटांत गेल्यानें तळहातांवर व तळपायांवर घट्टे येतात आणि पुढें त्यांतूनच त्वचेचा कर्करोग उद्भवतो, असें जोनाथन हचिन्सन ह्या लंडनच्या शस्त्रवैद्यानें १८८८ च्या सुमारास निदर्शनास आणलें. एक कर्करोग दाबणारें औषध दुसरा कर्करोग उत्पन्न करतें, ही सोमलाच्या स्वभावांतील विसंगति तेव्हांपासून सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. तरीसुद्धां १९१० सालीं पॉल एर्लिख यानें आर्सेनिकापासूनच बनविलेलें '६०६' हें औषध उपदंशावर बाजारांत आणलें आणि पेनिसिलीन येईपर्यंत त्यास तोड नव्हती. १९३१ मध्यें बॉस्टनच्याच फॉर्कनर आणि स्कॉट यांनीं जुनाट ल्यूकेमियावर फाउलरच्या द्रवाची पुन्हां एकवार तरफदारी केली. पण क्ष-किरणांचे उपचार रूढ झाले, १९५३ सालीं बुसल्फान हें नवें औषध आलें, आणि सोमल पाश्चात्त्य औषधकोशांतून जवळजवळ हद्दपार झाला. पुढच्या पिढीच्या डॉक्टरांस तो विषशास्त्राच्या पुस्तकांतूनच ठाऊक.

येथें ल्यूकेमियाच्या एका विशिष्ट प्रकाराची ओळख करून घेतली पाहिजे. हाडांच्या पोकळींतील मज्जेंत पांढऱ्या पेशी जन्मतात आणि टप्प्याटप्प्यानें पक्व होऊन रक्तांत उतरतात. त्यांतील एका मधल्या टप्प्यास प्रोमायलोसाइट असें नांव आहे. १९५७ सालीं नॉर्वेमधील हिलेस्टाड यानें असे तीन रोगी वर्णन केले कीं, ज्यांच्या मज्जेंत ह्याच अर्धवट वाढलेल्या पेशी गच्च भरल्या होत्या. पेशी तेथेंच अडकून पडत, पुढें पक्व होत नसत, मरतहि नसत. पण ह्या रोगाचें भयंकर लक्षण निराळेंच होतें. रक्त गोठविण्याची शरीराची सगळी व्यवस्था कोलमडून पडे. हिरड्यांतून, नाकांतून, त्वचेखालीं आणि शेवटीं मेंदूंत रक्तस्राव होई. दोन-चार आठवड्यांत सारें संपे. ल्यूकेमियाच्या सर्व प्रकारांत इतका झपाट्यानें मारणारा प्रकार दुसरा नाहीं, असें तेव्हां मानलें जाई. सोमलाच्या पुनर्जन्माची कथा ह्याच रोगाभोंवतीं फिरते.

ती कथा सुरू होते चीनच्या अगदीं ईशान्य टोंकास, हेलुंगच्यांग प्रांतांतील हार्बिन शहरीं. काळ सांस्कृतिक क्रांतीचा. शहरांतील डॉक्टरांच्या तुकड्या खेड्यापाड्यांत पाठविल्या जात होत्या, आणि गांवठी उपचारांची माहिती जमविणें हें सरकारी धोरणच होतें. लिन्दिएन तालुक्यांतील एका कम्यूनमध्यें एक गांवठी वैद्य गंडमाळा व निरनिराळे कर्करोग यांवर एक औषध वापरतो, अशी वार्ता हार्बिनला आली. त्या औषधांत तीन द्रव्यें होतीं: सोमल, पाऱ्याचा एक क्षार आणि भेकाचें विष. तिन्हीं जहाल. हार्बिन वैद्यक विद्यापीठाच्या पहिल्या रुग्णालयांतील हान ताइयुन नांवाच्या औषधकारानें १९७१ च्या मार्चमध्यें ह्या कृतीपासून टोंचून देतां येईल असा द्रव तयार केला.

ह्या ठिकाणीं झांग तिंगदोंग हा डॉक्टर पुढें येतो. १९३२ सालीं जन्मलेल्या झांगनें पाश्चात्त्य वैद्यकाचें शिक्षण घेतलें होतें आणि नंतर चिनी परंपरागत वैद्यकाचाहि अभ्यास केला होता. त्यास दोन्हीं घरचे व्यवहार ठाऊक होते. हानच्या द्रवानें कांहीं रोग्यांचा रक्तदाब एकदम चढतो आणि कांहींच्या लघवींतून अल्ब्युमिन जाऊं लागतें, असें दिसून आलें. भेकाचें विष रक्तदाब चढवितें आणि पारा मूत्रपिंडांस इजा करतो. मग रोगाशीं झगडतो कोण? झांग व त्याचे सहकारी एकेक द्रव्य वेगळें करून पाहूं लागले. भेकाचें विष काढून टाकलें तरी गुण कायम राहिला. पारा नाममात्र ठेवला, तरीहि कायम. राहतां राहिला सोमल. १९७३ सालीं प्रांतिक वैद्यक मासिकांत त्यांनीं ल्यूकेमियाच्या सहा रोग्यांची हकीकत छापली. १९७९ पर्यंत तीव्र ल्यूकेमियाचे पंचावन्न रोगी नोंदले गेले, आणि सोमलाचा गुण सर्वांत ठळकपणें येतो तो प्रोमायलोसाइटच्या प्रकारांत, हेंहि त्यांच्या ध्यानांत आलें.

खरा शोध कोणता, असें विचारलें तर उत्तर येथेंच शोधावें लागेल. सोमल रोगावर चालतो हें त्या खेड्यांतील वैद्यास आपल्या परीनें ठाऊक होतें. लिसाउअरला तर शंभर वर्षांपूर्वींच ठाऊक होतें. परंतु तीन विषांतून गुणकारी तें एक निवडणें, आणि ल्यूकेमियाच्या अनेक प्रकारांतून तें ज्यावर चालतें तो एक प्रकार निवडणें, हीं दोन्हीं कामें चिकाटीचीं आणि कंटाळवाणीं होतीं. तीं हार्बिनमध्यें झालीं. 'प्राचीन विद्येचा विजय' म्हणून ह्या कथेचा डांगोरा पिटणारे आणि जुन्या वैद्यकांत कांहींच नव्हतें म्हणणारे, हे दोघेहि ही मधली पायरी सोयिस्करपणें गाळतात.

पण हीं टिपणें चिनी भाषेंत, प्रांतिक मासिकांत निघत होतीं. बाहेरच्या जगास त्यांची वार्ता नव्हती. १९९२ सालीं सुन होंगदे, झांग आणि त्यांचे सहकारी यांनीं बत्तीस रोग्यांचा वृत्तांत दिला: एकवीस जणांच्या रक्तांतून व मज्जेंतून रोगाचीं चिन्हें नाहींशीं झालीं होतीं आणि सोळा जण पांच वर्षांहून अधिक जगले होते. आठवड्यांत मारणाऱ्या रोगांतून निम्मे लोक पांच वर्षें जगतात, हें वाचून कोणाहि जाणत्या डॉक्टरानें खुर्चींतून उठावें. उठले ते शांघायचे लोक.

शांघायच्या रुइजिन रुग्णालयांत वांग झेन्यी हे वयोवृद्ध डॉक्टर ह्याच रोगाशीं दुसऱ्या बाजूनें झुंजत होते. पेशी मारण्याऐवजीं तिला पक्व होण्यास भाग पाडावें, अशी त्यांची कल्पना. त्यासाठीं त्यांनीं जीवनसत्त्व 'अ' पासून मिळणारें रेटिनॉइक आम्ल निवडलें. १९८५ सालीं हाताबाहेर गेलेल्या एका पांच वर्षांच्या मुलीस तें दिलें आणि ती बरी झाली. १९८८ मध्यें त्यांनीं चोवीस रोग्यांचें वृत्त प्रसिद्ध केलें तेव्हां तें पाश्चात्त्य देशांत लागलीच गाजलें. पण एकट्या रेटिनॉइक आम्लानें आलेला गुण फार काळ टिकत नसे. रोग उलटला कीं तें आम्ल पुन्हां चालत नसे. वांग यांचे शिष्य चेन झू आणि चेन साइजुआन हें दांपत्य असल्या उलटलेल्या रोग्यांसाठीं कांहीं तरी शोधीत असतां हार्बिनचें काम त्यांच्या दृष्टीस पडलें, आणि दोन्हीं गट एकत्र आले. १९९७ सालीं शांघायच्या डॉक्टरांनीं रोग उलटलेल्या पंधरा जणांस सोमल दिल्याचें प्रसिद्ध केलें. चौदा जण रोगमुक्त अवस्थेंत आले होते.

आतां प्रश्न उरला तो 'कां' हा. त्याचें उत्तर मिळण्यास आधीं रोगाचें मूळ सांपडावें लागलें. १९७७ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली यांनीं दाखविलें कीं, ह्या रोगाच्या पेशींत पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल झालेले असतात. १९९० आणि १९९१ मध्यें पॅरिस व इतर ठिकाणच्या संशोधकांनीं त्या सांध्यावरील जनुकें वाचलीं. पंधराव्या गुणसूत्रावरील पीएमएल नांवाचें जनुक आणि सतराव्यावरील, रेटिनॉइक आम्लाची आज्ञा ऐकणारें आरएआर-अल्फा नांवाचें जनुक, हीं एकमेकांस चिकटून एक जोडप्रथिन बनतें. एका पुस्तकाचा पूर्वार्ध दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धास बांधावा तसला हा प्रकार. हें जोडप्रथिन पेशीच्या पक्वतेचा हुकूम दाबून धरतें. शिवाय निरोगी पेशीच्या केंद्रकांत पीएमएल प्रथिनाचे जे ठळक गोल ठिपके असतात, तेहि फुटून त्यांचा चुरा झालेला असतो. पेशी वाढतहि नाहीं आणि मरतहि नाहीं, तें ह्यामुळें.

येथें मरणाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. शरीरांतील पेशीला दोन तऱ्हेचे मृत्यु येतात. एक अपघाती: भाजणें, चिरडणें, रक्त न मिळणें, त्यांत पेशी फुगून फुटते आणि भोंवतालीं दाह होतो. दुसरा नेमस्त. त्यांत पेशी स्वतःच आपला कारभार आवरते, आकसते, आपलें जनुकद्रव्य समान तुकड्यांत कापून टाकते आणि लहान पुड्यांत विभागून शेजाऱ्यांकडून गिळली जाते. गाजावाजा नाहीं, दाह नाहीं. ह्या दुसऱ्या मरणास १९७२ सालीं केर, वायली आणि करी ह्या तिघांनीं अबर्डीन येथें ॲपॉप्टॉसिस हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत झाडावरून पान गळणें ह्या अर्थाचा तो शब्द, आणि तो सुचविला तेथील ग्रीक भाषेच्या प्राध्यापकानें. वैद्यकांत आलेला इतका यथार्थ शब्द विरळाच. कर्करोगाच्या पेशींनीं हें गळणेंच नाकारलेलें असतें.

१९९६ सालीं चेन ग्वोच्यांग व त्यांचे शांघायचे सहकारी यांनीं एनबी-४ ह्या पेशींवर सोमलाचा परिणाम तपासला. ह्या पेशी म्हणजे पॅरिसमध्यें लानोट यानें एका रोग्याच्या मज्जेपासून प्रयोगशाळेंत वाढविलेला वाण. सोमलाचा अंश पुरेसा असतां ह्या पेशी नेमस्त मरणानें मरूं लागल्या. अंश त्याहून बराच कमी ठेवला तर त्या मरत नसत, पण अर्धवट पक्व होऊं लागत. एकच औषध मात्रेप्रमाणें दोन निरनिराळीं कामें करतें, हें पाहून पॅरासेल्ससची आठवण न झाली तरच नवल.

मरणाची वाट अशी आढळली. आर्सेनिकाचा ओढा गंधकाकडे फार. भूगर्भांत गंधकाशीं त्याची सोयरीक हरताळाच्या रूपानें दिसते, आणि पेशींतहि तें प्रथिनांतील गंधकयुक्त टोंकांनाच जाऊन धरतें. पेशीचें हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या जळजळीत द्रव्यांपासून रक्षण करणारीं साधनेंहि ह्याच गंधकावर अवलंबून. तीं अडकून पडलीं कीं जळजळीत द्रव्यें साचतात. प्रोमायलोसाइटच्या रोगट पेशींत पेरॉक्साइडचा निचरा करणारीं विकरें मुळांतच तोकडीं, म्हणून त्या आधीं हरतात. पेशीला शक्ति पुरविणाऱ्या मायटोकाँड्रिया नांवाच्या कणांच्या आवरणावरील विद्युद्दाब ढासळतो, त्यांतून सायटोक्रोम-सी हें प्रथिन बाहेर गळतें, आणि त्याच्या गळण्यानें कॅस्पेज नांवाचीं कातरणारीं विकरें जागीं होतात. तीं एकदां जागीं झालीं कीं मग परतीचा मार्ग नाहीं.

परंतु एवढ्यानें कोडें सुटत नव्हतें. गंधक सगळ्याच पेशींत आहे. मग सोमल ह्याच रोगावर इतका अचूक कां बसतो? उत्तर जोडप्रथिनांतच होतें. १९९७ च्या सुमारास दिसून आलें कीं सोमल दिल्यानंतर तें जोडप्रथिनच पेशींतून नाहींसें होतें. २००८ मध्यें त्याची रीत उलगडली: सोमलामुळें पीएमएल प्रथिनावर सुमो नांवाच्या एका छोट्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या चिकटतात, त्या चिठ्ठ्या पाहून आरएनएफ-४ नांवाचें दुसरें प्रथिन त्यावर 'मोडीत काढा' अशी युबिक्विटिनची खूण करतें, आणि मग पेशींतील प्रोटिआसोम हें दळणयंत्र तें दळून टाकतें. शेवटीं २०१० सालीं शांघायच्या गटानें 'सायन्स' नियतकालिकांत सोमल नेमका कोठें बसतो तें दाखविलें. पीएमएल प्रथिनाच्या कांहीं वळणांत जस्ताचा एकेक अणु गंधकाच्या बोटांनीं धरून ठेवलेला असतो. आर्सेनिक ती जागा बळकावतें. त्याच वर्षीं ह्यूग द थे यांच्या पॅरिसच्या गटानेंहि आर्सेनिक पीएमएलला थेट धरतें व त्याचे रेणु एकमेकांस जखडतें असें दाखविलें. ह्या प्रथिनाच्या त्याच भागांत एखादें अक्षर बदललें, तर सोमलाचा रोग्यावर कांहीं परिणाम होत नाहीं. असे रोगी आढळलेहि आहेत. चुकीच्या अक्षरावर हरताळ फासण्याची जुनी रीत पेशीच्या केंद्रकांत अशी अक्षरशः चालते.

रेटिनॉइक आम्ल ह्याच जोडप्रथिनाचें दुसरें टोंक, आरएआर-अल्फाचें, पकडतें. हार्बिनचें औषध एका टोंकास आणि शांघायचें दुसऱ्या टोंकास. दोन्हीं मिळून तें प्रथिन उभें राहूं देत नाहींत. सोमल कर्करोगाच्या पेशीला मारतो, असें सरसकट म्हणण्याची जी रीत पडली आहे ती मात्र थोडी सुधारून घ्यावयास हवी. परीक्षानळींत नेमस्त मरण प्रथम डोळ्यांत भरतें. रोग्याच्या मज्जेंत बहुतेक पेशी आधीं पक्व होतात आणि मग आपलें आयुष्य संपवून जातात. जोडप्रथिन गेलें कीं पीएमएलचे ते फुटलेले ठिपके पुन्हां जमतात आणि पी-५३ ह्या पेशीच्या कोतवालास जागें करतात, असें पॅरिसच्या गटानें २०१४ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. रोगाचें बीज ज्या मूळ पेशींत असतें त्यांची वाढण्याची शक्तिच त्यामुळें संपते. मारण्यापेक्षां वठणीवर आणण्याचा भाग त्यांत अधिक आहे.

पश्चिमेकडे ह्या औषधाची स्वीकृति झपाट्यानें झाली. १९९८ सालीं न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग रुग्णालयानें बारा रोग्यांपैकीं अकरा जणांस गुण आल्याचें छापलें, आणि २००० च्या सप्टेंबरांत अमेरिकन सरकारनें औषधास परवानगी दिली. हिंदुस्थानांतहि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्यें विक्रम मॅथ्यूज व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ पासून एक धाडस केलें. नव्यानें निदान झालेल्या रोग्यांना त्यांनीं आरंभापासूनच एकटा सोमल दिला. खर्चाच्या केमोथेरपीचा भार न पेलणाऱ्या कुटुंबांना ही वाट मोलाची होती. २००६ मध्यें त्यांनीं बहात्तर रोग्यांचें वृत्त दिलें. शेंकडा ८६ रोगमुक्त अवस्थेंत आले होते. २०१३ सालीं रोमचे फ्रान्चेस्को लो-कोको यांनीं इटली व जर्मनीतील रोग्यांवर केलेली तुलना प्रसिद्ध झाली. रेटिनॉइक आम्लाबरोबर सोमल घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९७ जण दोन वर्षांनीं सुखरूप होते. त्याच आम्लाबरोबर केमोथेरपी घेणाऱ्यांत हें प्रमाण ८६ होतें. केस गळविणारी, रक्त पांगळें करणारी केमोथेरपी न देतां तीव्र ल्यूकेमिया बरा होतो, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत कोणी सहजी मानली नसती. हे आंकडे ज्यांचा रोग मध्यम किंवा सौम्य अशांचे होते, एवढें लक्षांत ठेवावें. हाँगकाँगच्या क्वीन मेरी रुग्णालयानें पोटांत घेण्याचा सोमलाचा द्रव पुन्हां सिद्ध केला, आणि चीनमध्यें मनशिळेपासून केलेल्या गोळ्याहि चालतात. म्हणजे गाडी फाउलरच्या बाटलीपाशीं परत आली म्हणावयाची.

परंतु हें औषध घरच्या घरीं हाताळण्याचें नव्हे. त्यानें हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, म्हणून विद्युत्-आलेख वरचेवर काढावा लागतो आणि रक्तांतील पोटॅशियम व मॅग्नेशियम सांभाळावें लागतें. यकृतास इजा होते. पेशी भराभर पक्व होऊं लागल्या कीं ताप, धाप आणि फुप्फुसांत पाणी असा एक धोक्याचा विकार होतो. त्यावर तांतडीनें स्टेरॉइड द्यावें लागतें. सोमल घातलेलीं भस्में व गोळ्या सर्व कर्करोगांवर म्हणून विकणारे लोक ह्या इतिहासाचा दाखला देऊं लागले आहेत. तो दाखला खोटा आहे. सोमलाची ही अचूकता त्या एका जोडप्रथिनामुळें आहे. तें जेथें नाहीं तेथें उरतें तें केवळ विष. बंगालांत व बांगलादेशांत विहिरींच्या पाण्यांतून सूक्ष्म अंशानें तेंच विष वर्षानुवर्षें पोटांत गेल्यानें लक्षावधि लोकांच्या हातापायांवर हचिन्सननें वर्णिलेले घट्टे उठले आहेत, आणि कर्करोगहि झाले आहेत.

श्रेयाची वांटणी सावकाश झाली. बरींच वर्षें हा शोध शांघायच्या नांवावर जमा होता. हार्बिनचे मूळ लेख चिनी ग्रंथालयांतून उकरून काढावे लागले तेव्हां झांग तिंगदोंग यांचें नांव पुढें आलें. २०१८ सालीं स्वीडनमधील श्योबेर्ग पारितोषिक चेन झू, द थे आणि ॲन देजाँ यांस मिळालें. २०२० सालीं चीनचें फ्यूचर सायन्स पारितोषिक झांग आणि वांग झेन्यी ह्या दोघां वृद्धांस विभागून देण्यांत आलें. तेव्हां झांग ८८ वर्षांचे होते आणि वांग ९६. औषधकार हान ताइयुन याचें नांव त्या यादींत नव्हतें.

उत्तम रुग्णालयांत पोंचलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक आज बरे होतात. जे जातात ते बहुधा पहिल्या कांहीं दिवसांतच, मेंदूंतील रक्तस्रावानें, आणि त्यांतले कित्येक निदान होण्याच्या आधींच. हिरड्यांतून रक्त येणें, अंगावर कारण नसतां काळेनिळे डाग उठणें, स्त्रियांना न थांबणारा स्राव होणें, हीं चिन्हें आठवडाभर थकव्यावर किंवा जीवनसत्त्वांच्या अभावावर ढकललीं जातात आणि तोंच आठवडा हातचा जातो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीं ह्या पेशींचा नुसता संशय आला, तरी जनुकांच्या तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहतां त्याच दिवशीं रेटिनॉइक आम्ल सुरू करावें असा प्रघात सध्यां रूढ आहे. निदान पक्कें झालें म्हणजे मागाहून सोमल.